दादाचा क्लब आता कोणाचं देणं लागत नाही

दादा गेला. मंगळवारी सकाळी, दिवा स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत, अर्धी दाढी करून झालेली.

मी ठाण्याला ऑफिसात पोचलेलो. वहिनीचा फोन आला.
"भावोजी, हे उठत नाहीयेत."

मी म्हटलं, येतो. आणि लिफ्टसमोर जाऊन उभा राहिलो. लिफ्ट बंद होती. तरी उभाच.

आज तेरावा झाला. मला अजून रडू आलेलं नाही.

हे लिहितोय कारण कालपासून खूप जणांचे मेसेज आलेत. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा फुटबॉल क्लबच्या पेजवर दादाचा फोटो कसा? फेक आहे का?

फेक नाही. सांगतो.

दादा जहाजावर फिटर होता. वीसेक वर्षांपूर्वी त्याचं जहाज तिकडच्या एका छोट्या बंदरात अडकलं. मालकाने हात वर केले. पगार बंद, डिझेल संपलं, हीटर बंद. घरी यायला तिकीट नाही.

त्या गावातल्या फुटबॉल क्लबला हे कळलं. क्लब छोटाच, खालच्या लीगमधला. मॉरीन नावाची बाई त्यांचं कॅन्टीन बघायची. तिने सात आठवडे या सगळ्या खलाशांना रोज गरम जेवण दिलं. शनिवारी मॅच फुकट.

दादाला तोपर्यंत ऑफसाइड म्हणजे काय तेसुद्धा माहीत नव्हतं.

घरी आला तो क्लबचा लोकरी मफलर गळ्यात घालून. ठाकुर्लीत. मे महिन्यात.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी कॉमेंटरी, आधी सायबर कॅफेत, नंतर मोबाइलवर. त्या लोकांचं इंग्लिश मला एक अक्षर कळायचं नाही. दादा मान डोलवायचा.

मग काही वर्षांपूर्वी क्लब बुडायला आला. मालकाने कर्ज काढून महागडे खेळाडू आणले आणि निघून गेला. टॅक्स थकलेला, मैदान गहाण. शेवटी गावातल्या लोकांनी वर्गणी काढून क्लब स्वतःच ताब्यात घेतला, कर्जासकट. महिन्याला दहा पाउंड भरायचे, प्रत्येकाला एक मत.

मॉरीनने दादाला सहज कळवलं. दादा सभासद झाला.

वहिनी भडकली. बरोबरच होतं तिचं.
"इथे टँकरच्या पाण्याला पैसे मोजतोय आपण. आणि तुम्ही गोऱ्यांचं कर्ज फेडताय?"
"सात आठवडे जेवलोय गं त्यांच्याकडे."
"मग एकदाच काय ते द्या ना!"
दादाने पुढच्या महिन्यात परत भरले.

वर्षभराने एक पैसेवाला आला. सगळं कर्ज एका दिवसात फेडतो म्हणाला, क्लब माझ्या नावावर करा. बरेच सभासद तयार होते. दमलेले सगळे. रविवारी दुपारी व्हिडिओवर मीटिंग झाली. मी दादाच्या शेजारीच बसलेलो.

त्याने हात वर केला. त्याचं ते जहाजावरचं इंग्लिश.

"वुई गेव्ह अवर बिल्डिंग टू वन मॅन. ही सेड, टू इयर्स. नाऊ नाइन इयर्स. आय ॲम स्पीकिंग फ्रॉम रेंटेड रूम."

आमची ठाकुर्लीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला दिलेली, त्याबद्दल बोलत होता. बिल्डरने पाडली, पिलर उभे केले आणि काम थांबवलं. आम्हाला द्यायचं भाडंही बंद केलं. म्हणून तर दादा-वहिनी दिव्याला.

मग दादा म्हणाला, "स्लो इज ओके. बट कीप युवर की."
किल्ली आपल्याकडे ठेवा.

मतदान झालं. थोडक्या मतांनी, पण क्लब विकला नाही.

मग चार वर्षं काटकसर. महागडे खेळाडू नाहीत. गावातलीच मुलं. एकदा तर आणखी खालच्या लीगमध्ये घसरले. त्या दिवशी दादा जेवला नाही. "माझ्यामुळे झालं का रे हे?" म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात शेवटचा हप्ता गेला. मैदान सुटलं. दादाने फोनवरून मेल वाचून दाखवला, आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत.

वहिनीने आत जाऊन शिरा केला. वाटी त्याच्या हातात देताना म्हणाली, "चला, कोणाचं तरी फिटलं."

आमच्या बिल्डिंगचे पिलर अजून तसेच आहेत. सळया गंजल्यात. दादाने नवीन घर बघितलं नाही. याच्यावर मला आत्ता काही लिहिता येत नाहीये.

दादा गेल्याचं मी मॉरीनला कळवलं होतं. परवा तिचा मेसेज आला. आता ती क्लबची सेक्रेटरी आहे. तिने लिहिलेलं, शनिवारी मॅचच्या आधी आम्ही त्याचं नाव घेणार आहोत. उच्चार चुकायला नको. कसं म्हणायचं, रेकॉर्ड करून पाठवशील का?

फोन तोंडाजवळ धरला. आणि लक्षात आलं, मी जन्मभर त्याला दादाच म्हणत आलोय. त्याचं पूर्ण नाव मी कधी मोठ्याने घेतलंच नव्हतं. स्मशानातल्या फॉर्मवरसुद्धा लिहिलेलं फक्त.

पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा आडनावाशी अडकलो. वहिनी समोर बसलेली, म्हणाली, "सावकाश घ्या."

दत्ताराम सखाराम घवाळी.

पाठवलं.

काल संध्याकाळी आम्ही दोघांनी कॉमेंटरी लावली. अनाउन्सरने नाव घेतलं. 'घ' जरा हलका पडला, बाकी बरोबर. मग टाळ्या. बराच वेळ.

वहिनीने डोळे पुसले. मी आवाज थोडा वाढवला.

दत्ताराम सखाराम घवाळी. माझा दादा.

सावकाश जा रे.