सेंटरच्या जागी माया

माया आमच्या सांगलीच्या कॉलेजात आली तेव्हा तिच्या उंचीची लाज सगळ्यात जास्त तिलाच वाटायची. आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली पोर. सहा फुटाला दोन बोटं कमी. उभी राहिली की खांदे पाडून, मान पुढं काढून. आमचे कोच लालासाहेब सर, त्यांनी तिला कॉलेजच्या फाटकात पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी बास्केटबॉलच्या मैदानावर आणलं.

मी टीमची सेंटर. बोर्डाखाली उभं राहायचं, अंगावर धक्के घ्यायचे, रिंगवरून उडालेला बॉल हिसकायचा. मी वाळव्याकडची, उसाच्या रानातली, अंगानं दणकट. माया माझ्या जागेवरची बदली खेळाडू. सामना आधीच जिंकलेला असला की शेवटची दोन मिनिटं तिच्या वाट्याला यायची. त्यातही कुणाला धक्का लागला की ती ‘सॉरी’ म्हणायची. सर कपाळावर हात मारून घ्यायचे.

साताऱ्याच्या सेमीफायनलला चार दिवस होते. सरावात मी उडी मारून खाली आले आणि गुडघा आतल्या आत फिरला. डॉक्टर म्हणाले, आठ महिने विसरा. संध्याकाळी सर सगळ्यांना म्हणाले, “साताऱ्यात पहिल्यापासून माया खेळंल.”

ते चार दिवस मी कडेला बसून बघत होते. साताऱ्याच्या टीमची सेंटर संयोगिता. तिची एक खोड मला आदल्या वर्षी कळली होती. ती उजवीकडं जाते असं दाखवायची आणि दर वेळी डावीकडं वळायची. हे मी मायाला सांगितलं नाही. विसरले, असं तेव्हा मी स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते.

सामन्याच्या दिवशी मायाचे वडील आले. आकाराम त्यांचं नाव. साताऱ्याजवळच कोरेगावला, कुणाच्या तरी रानात खतासाठी त्यांची मेंढरं बसली होती. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. माझ्या शेजारी बसत त्यांनी विचारलं, “पोरी, आपली कुटल्या रंगाची?”

“निळी.”

“आन् जितलं कसं कळतं?”

“त्या कड्यातनं बॉल जास्त वेळा पाडायचा.”

“मग सोपं हाय की.”

सोपं नव्हतं. संयोगिता मायाला वळसा घालून सहज बास्केट टाकत होती. मायाचे तीन फाउल झाले. प्रत्येक फाउलनंतर ती त्या पोरीला ‘सॉरी’ म्हणाली. आम्ही अकरा गुणांनी मागं पडलो. आणि लिहायला लाज वाटते, पण मला आतून बरं वाटत होतं. माझी जागा माझीच राहणार होती.

आकाराममामा माझ्याकडं बघून म्हणाले, “पाय लय दुखतोय व्हय गं?”

“न्हाई.”

“तोंडावरनं दिसतंय. माया सांगत हुती, राजूताईनं मला सगळं शिकवलं.”

मी तिला काहीच शिकवलं नव्हतं.

हाफटाइमला मी तिला हाक मारली. “ती उजवीकडं जाती असं दाखवती, पण वळती डावीकडंच. तिच्या डाव्या खांद्यापाशी घट्ट उभी राहा. आन् सॉरी म्हणायचं न्हाई.”

“पर धक्का लागला तर?”

“लागू दे. ती जागा तुझीबी हाय.”

दुसऱ्या हाफमध्ये संयोगिता पहिल्यांदा वळली ती थेट मायाच्या छातीवर आदळली. बॉल तिच्या हातातून निसटला. माया हलली नाही. तिला पूर्ण उंचीत उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग ती बॉल वरच्या वर झेलू लागली. आम्ही एका गुणानं जिंकलो.

“संपलं? कोण जितलं?” मामा उठून उभे राहिले होते.

“आपण.”

“मग आपली माया रडती का?”

परतताना कराडच्या स्टँडवर आम्ही भजी घेतली. माया माझ्याजवळ येऊन बसली. जरा वेळानं हळूच म्हणाली, “राजूताई, ती तसंच वळती हे तुमाला आधीच म्हाईत हुतं?”

“व्हय.”

भज्यांचा कागद माझ्याकडं सरकवून ती म्हणाली, “खावा, गार हुत्यात.”

फायनल आम्ही हरलो. माझा गुडघा बरा झाला, पण सरांनी सेंटरला मायाच ठेवली. त्यांचं बरोबर होतं. शेवटचं वर्ष मी बाकावर बसून काढलं. मॅचच्या आदल्या दिवशी मात्र माया समोरच्या सेंटरबद्दल खोदून खोदून विचारायची, आणि मी हातचं न राखता सांगायचे.

याला आता दहा वर्षं झाली. माया साताऱ्याला पोलिसात आहे, त्यांच्या टीमकडून खेळते. मी तासगावच्या शाळेत शिकवते. मागच्या वर्षी तिच्या लेकीच्या बारशाला आटपाडीला गेले होते. तिच्या आईनं, हरणाबाईनं, आमच्या टीमचा फोटो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. “ही माझी माया. आन् ही फुगून बसल्याली कोण गं?”

“मीच ती, मावशी.”

माया हसून हसून खाली बसली. मग चहा झाला, बाळ झोपलं, आणि आम्ही दोघी दुपार कलेपर्यंत त्या एका सामन्याबद्दलच बोलत राहिलो.