'हो'च्या रकान्यातली सतरा माणसं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहायची. मूळची सुरीनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतली. तिचे पणजोबा बिहारातून मजुरीसाठी तिकडे गेलेले, आणि ती स्वतः शाळकरी वयात हॉलंडला आलेली. नर्स होती, सायकलवरून घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायची, औषधं द्यायची. मी तिला दीदी म्हणायचे. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, तिची हिंदी भोजपुरी वळणाची, माझी पुण्याच्या. अडलं की डच. इथे मी ते सगळं मराठीतच लिहिते आहे.

नवऱ्याच्या मागोमाग मी रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलला आले, त्याला ही गोष्ट घडली तेव्हा पाच वर्षं होत आली होती. डॉक्टरला फोन करून काय सांगायचं, कचऱ्याच्या पिशव्या कुठल्या दिवशी खाली न्यायच्या, समोरून वारा असला तर सायकल कशी मारायची, हे सगळं दीदीने शिकवलं. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा नवरा कंपनीच्या कामाला लंडनला होता. दवाखान्यात माझा हात धरून दीदी बसली होती. तेव्हा तिने काही मागावं आणि मी नाही म्हणावं, हा प्रश्नच नव्हता.

तिने मागितलं ते २००५ च्या ऑक्टोबरात. पुढच्या मार्चमध्ये नगरपालिकेची निवडणूक होती. तिकडे पक्ष उमेदवारांची यादी काढतो, आणि यादीत वर कोण असेल हे आधी पक्षाचे सभासद ठरवतात. पहिल्या नंबरसाठी दोघंजण उभे होते, दीदी आणि बरीच वर्षं नगरसेवक असलेले एक मास्तर. कार्यकारिणीने दीदीला निरोप दिला होता की माघार घ्या, तिसरी जागा तुमची. तिसरी जागा म्हणजे निवडून आल्यातच जमा. लढून हरली तर मात्र ती जागा दुसऱ्याला देणार, आणि दीदी कुठेतरी तळाला. उत्तर द्यायला तिला दहा दिवस होते.

त्या वर्षी आमच्या घरच्या गुढीपाडव्याच्या जेवणाला दीदीने जमलेल्या मराठी लोकांकडून पक्षाच्या सभासदत्वाचे फॉर्म भरून घेतले होते. श्रीखंड खाता खाता सगळ्यांनी सह्या केल्या. देशाचे नागरिक नसलो तरी सभासद होता येत होतं. पण सह्या करणं वेगळं आणि यादी ठरवायच्या सभेला गुरुवारी संध्याकाळी येऊन मत देणं वेगळं. किती येतील, हे मी घरोघरी जाऊन विचारून यायचं होतं.

तिने मला एक छापील कागद दिला. नावापुढे तीन रकाने होते: हो, नाही, माहीत नाही. आणि म्हणाली, "मला खरा आकडा हवा. त्यावर मी ठरवणार."

मी भलतीच खूश झाले. माझे वडील गावाकडे नगरपालिकेच्या निवडणुकीत एक वॉर्ड सांभाळायचे आणि शाळेत असताना मी त्यांच्याबरोबर हिंडलेली होते. कोण येणार हे ते शपथांवरून ओळखत नसत. सभा किती वाजता, मतदान कुठे, यायला काही सोय आहे का, असं जो विचारतो त्याच्यापुढे ते टिक करायचे. "तुम्ही सांगितलंत म्हणजे झालंच," असं म्हणणाऱ्यापुढे फुली मारायचे, अगदी हसत, त्याच्या फाटकाबाहेर येऊन. हे मला पाठ होतं. माझ्याइतकं लायक माणूस दीदीला अख्ख्या हॉलंडात मिळालं नसतं.

आठ दिवस मी फिरले. आमची माणसं किती गोड बोलतात! एका घरी कांदेपोहे, एका घरी पुण्याहून नुकतीच आलेली बाकरवडी. "वहिनी, तुमच्यासाठी काय पण." "जमवतो ना, का नाही जमणार?" "नक्की, नक्की." एका घरी तर दीदीचं नाव विसरले होते, पण नक्की होतं. वेळ कुणीच विचारली नाही. सभागृह कुठे आहे, हेही नाही. मी लिफ्टमध्ये उभी राहून प्रत्येकाच्या नावापुढे 'हो'च्या रकान्यात टिक करत गेले. 'बघू'साठी त्या कागदावर रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. 'माहीत नाही' हा रकाना मोकळाच होता, हे मला दिसत होतं.

यादीत आमच्या मजल्यावरचे एक डच आजोबाही होते, जुने सभासद. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारात उभं करून अर्धा तास उलटतपासणी घेतली. ही बाई बसच्या थांब्यांबद्दल काय करणार, मास्तरांपेक्षा हिला जास्त काय कळतं, सभा साडेसातला म्हणजे दारं कधी उघडणार. मग "मी विचार करीन" म्हणून दार लावून घेतलं. माणूस मोठा खडूस, असं म्हणत मी त्यांना 'माहीत नाही'त टाकलं.

शेवटचं घर माझंच होतं. नवरा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "अगं, गुरुवारी सॉफ्टवेअर रिलीज आहे. बघतो, मीटिंग लवकर संपली तर." मी त्याच्या नावापुढेही टिक केली, आणि माझ्याही.

'हो'च्या रकान्यात सतरा माणसं झाली. कागद घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दीदी नुकतीच कामावरून आली होती, अंगात अजून पांढरा कोट होता. तिने आकडा दोनदा पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. इतक्या वर्षांत तिला द्यावं असं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी होतं. "पक्के आहेत ना?" तिने विचारलं. मी म्हणाले, पक्के. तिने माझ्यासमोरच फोन लावला आणि तिसरी जागा नको म्हणून सांगून टाकलं.

गुरुवारी सतरापैकी पाचजण आले, मला धरून. नवरा त्यात नव्हता. मी दाराकडे तोंड करून बसले होते आणि दार उघडलं की दीदीही वळून बघत होती. सव्वाआठनंतर तिने बघणं सोडलं. आजोबा सात वाजल्यापासून पहिल्या रांगेत होते. त्यांनी उभं राहून दीदीच्या बाजूने चार वाक्यं सांगितली, बसच्या थांब्यांसकट. चिठ्ठ्या मोजल्या गेल्या तेव्हा दीदी नऊ मतांनी हरली होती. न आलेली माणसं बारा होती. ते गणित मी खुर्चीतच केलं.

रविवारी दीदी माझ्याकडे तो कागद घेऊन आली. रागावलेली नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. ती एकेका नावावर बोट ठेवत गेली आणि हा नेमकं काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत सांग, म्हणाली. मी सांगत गेले. काय पण, जमवतो, नक्की नक्की. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"हे शब्द तू मला सांगायचे होतेस," ती म्हणाली. "माझ्या आईच्या घरी सगळे असंच बोलतात. मला कळलं असतं. मी तिसरी जागा घेतली असती."

खरं तर इथेच मला धक्का बसला, कारण दीदीला आमच्या लोकांचं बोलणं कळणार नाही, ती डचांसारखी सरळ आहे, असं मी धरून चालले होते. म्हणून त्यांचं 'नक्की, नक्की' मी परस्पर सरळ 'हो' करून तिच्यापुढे ठेवलं, तिला न विचारता.

"आणि तुला कळलं होतं?"

"हो," मी म्हणाले.

"मग?"

मग काय? तिला खूश झालेली बघायचं होतं, इतकंच. हे मला तिच्या तोंडावर सांगता आलं नाही. तिने कागदाची घडी केली आणि ती गेली. अजूनही ती आठवण आली की मला माझीच लाज वाटते.

मार्चमध्ये मी त्या देशातलं माझं पहिलं मत दिलं. पाच वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला नगरपालिकेपुरता तो हक्क होता. पक्षाच्या यादीत दीदी नववी होती. पक्षाची चार माणसं निवडून आली आणि तिसऱ्या जागेवरच्या एका तरुण वकिलाला नगरसेवकपदाची ती चार वर्षं मिळाली. तिकडे मत यादीतल्या कुठल्याही एका नावाला देता येतं; मी नववं नाव शोधून तिलाच मत दिलं. संध्याकाळी ते तिला सांगायला दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मत गुप्त असतं. तिला माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागला असता.