वरदाला मिळालेली सवलत

इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात सुमेधाइतकी सोवळ्याओवळ्याची बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी मायाळूही नव्हती. कुणाचं बाळंतपण असो, कुणी आजारी असो, ही डबा घेऊन दारात हजर! पण तिच्या स्वयंपाकघरात अंड्याची शिरायची टाप नव्हती. तिचा नवरा शशिधर बिचारा ऑफिसातसुद्धा चीज सँडविचवर भागवायचा.

२००६ची गोष्ट. मुलगी वरदा इयर टेनमध्ये, म्हणजे आपल्या नववीत होती. एकदा शाळेतून नाचतच आली. "आई, नेक्स्ट वीक बायॉलॉजीत हार्ट कापायचंय! मेंढीचं, रिअल!"

सुमेधाने कानांवर हात ठेवले. त्या हातांनी पोर घरात येणार, देवाला शिवणार, पानावर बसणार? छे, छे! पण शाळेत किळस कोण ऐकून घेणार? मग सुमेधाबाईंनी शक्कल लढवली. वरदाच्या टीचरना, मिस हॉलिसना, जाऊन ठणकावलं, "हे आमच्या धर्मात बसत नाही."

कुठला धर्म नि कुठलं काय! पण धर्माचं नाव निघताच मिस हॉलिस ओशाळल्या. सॉरी, सॉरी म्हणाल्या. सुमेधा मोठी लढाई मारल्याच्या थाटात घरी आली. सगळा वर्ग हार्ट कापत होता तेव्हा वरदा लायब्ररीत एकटी बसली. घरी आल्यावर "इट्स फाइन, आई" एवढंच म्हणाली.

पुढे वसंतात कळलं, डॉक्टर व्हायचं असलेल्या मुलांसाठी नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत समर स्कूल आहे. वरदाला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचं होतं. बायॉलॉजीत तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. आणि शाळेने निवडलेल्यांत तिचंच नाव नाही! सुमेधाचं डोकं फिरलं. तरातरा शाळेत गेली.

मिस हॉलिस गोंधळल्याच. "तिथे ऑर्गन्स हाताळावे लागतात. तुमच्या धर्मात चालत नाही ना? मी वरदाला विचारलं होतं. ती म्हणाली, आईला वाईट वाटेल, राहू दे."

आता भांडणार कुणाशी? या बाईने तर तिच्या शब्दाचा मान राखला होता. आणि पोरीने आपलं स्वप्न गुपचूप गिळलं होतं, आईसाठी. सुमेधाला उभ्या जागी रडू फुटलं.

"धर्म नाही हो मिस," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "मीच. मला किळस येते. भीती वाटते. धर्म उगाच मध्ये घातला मी."

मिस हॉलिसनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. नाव उद्यापर्यंत पाठवता येईल, म्हणाल्या. फ्रिजमध्ये दुसऱ्या वर्गासाठी आणलेलं एक हार्ट आहे, शाळा सुटल्यावर वरदाला आधी करून बघू दे. सुमेधाने मान हलवली. थांबायचा मात्र तिला धीर झाला नाही, ती घरी आली.

नेमका गुरुवार, तिचा दत्ताचा उपास. आरती झाली, नैवेद्य झाला, उपास सोडायला पान वाढलं आणि ती दाराकडे डोळे लावून बसली.

वरदा आली ती पायपुसण्यावरच थांबली. हात पाठीमागे.

"आई, मी घरात कशालाच टच नाही केलं. साबणाने खूप वेळा धुतलेत हात. पण डायरेक्ट वर जाते, आंघोळ करते, ओके?"

"कसं होतं गं?" सुमेधाने विचारलं.

वरदाचा चेहरा उजळला. "इतकं छोटं, आई! आणि आत ना, बारीक बारीक दोरे असतात, व्हॉल्व्हची दारं धरून ठेवायला. कुणीतरी नीट बसून केल्यासारखे. मला रडायलाच आलं." मग हळूच म्हणाली, "मिसनी नाव पाठवलं. पण तुला नको असेल तर..."

"गप्प बस, वेडे," सुमेधा म्हणाली. तिने पोरीचे हात पुढे ओढले. गार होते, त्यांना रबराच्या हातमोज्यांचा वास येत होता. ते तिने गालांशी धरले. मग वरदाला तशीच आत नेऊन पाटावर, आपल्या शेजारी बसवलं आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"सकाळपासून उपाशी आहे मी," ती म्हणाली. "पहिला घास तू भरव."