झमकूचा झाकलेला डोळा

बिजलीबाई माझी सख्खी काकी, पण सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. तिच्या अंगात आरसे आणि कवड्या जडवलेली कांचळी, म्हणजे आमच्याकडची चोळी, असली, की दारव्ह्याच्या बाजारात बाया खरेदी सोडून कांचळीकडे बघत राहायच्या. स्वभावानं मात्र तिखट. कुणी न विचारता सल्ला दिला, तर हातातली सुई न थांबवता ती त्याची अशी खरडपट्टी काढायची, की तो पुन्हा तिच्या झोपडीसमोरून जाताना मान खाली घालायचा.

सत्तावन्न सालच्या थंडीत तिच्या मुलाला, अमरसिंगला, मुलगी झाली. झमकू. जन्मली तेव्हा चांगली होती. पंधरवड्यानं उजव्या पापणीवर डास चावल्यासारखा लाल ठिपका आला, आणि दोन महिन्यांत त्याची पिकल्या बोराएवढी गाठ झाली. पापणी जड होऊन अर्धी खाली आली.

आमच्या तांड्यात उपायांना तोटा नाही. कुणी विळा तापवून डाग द्या म्हणे, कुणी घोड्याच्या केसानं गाठ बांधून तोडा म्हणे. याडीनं सगळ्यांना हाकललं. नातीच्या डोळ्याजवळ तापलेलं लोखंड नेऊ देणार नाही, असं तिनं तांड्याच्या प्रमुखाला, नायकालाही तोंडावर सांगितलं. आणि अमरसिंगला व सून धनीबाईला घेऊन ती छोट्या रेल्वेगाडीनं यवतमाळला गेली. मला याचं आजही कौतुक वाटतं. त्या काळी आमच्यातली कोण बाई स्वतःहून डॉक्टरकडे जात होती?

डॉक्टर तरुण होता आणि बोलायला गोड होता. याडीच्या अंगावरची कांचळी बघून त्यानं तिला तिच्याच शिवणकामाच्या भाषेत समजावलं. म्हणाला, कांचळीला आतून अस्तर असतं तसं रक्ताच्या नळ्यांनाही असतं. मूल पोटात वाढतं तेव्हा त्या अस्तराचे बारीक कण आपापल्या जागेचं काम शिकतात. मेंदूत ते घट्ट वीण धरतात, काही आत शिरू देत नाहीत. यकृतात सैल राहतात, रक्तातलं पाझरू देतात. हिच्या पापणीवरचे कण काम शिकायचं सोडून नुसतेच वाढत सुटले आहेत. पण हा वाईट रोग नाही. वर्षभरात वाढ थांबेल, मग चार-पाच वर्षांत गाठ आपोआप विरेल. कापू नका, जाळू नका. फक्त पापणी मिटायला लागली, तर लगेच घेऊन या.

पापणी मिटली नाही. खालून फट कायम होती, त्यातून झमकू टुकुटुकु बघायची. पण येणारी-जाणारी माणसं ती गाठ बघून तोंडाला पदर लावायची. दारव्ह्याच्या बाजारात एका बाईनं तर आपलं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. नातीला अशा नजरा लागू नयेत म्हणून याडीनं तिच्यासाठी टोपी शिवली. पुढे उजव्या डोळ्यावर येईल अशी पट्टी, पट्टीवर आरसे आणि कवड्यांची दाट झालर. नजर आरशावर पडावी आणि आल्या वाटेनं परत जावी, हा हिशेब. इतकं सुंदर काम तिच्या हातून पुन्हा झालं नाही. अंघोळीपुरती टोपी निघायची, झोपेतसुद्धा डोक्यावरच. वाढत्या डोक्याच्या मापानं तिनं तशाच आणखी टोप्या शिवल्या.

गाठ खरंच विरली. आधी मधोमध राखाडी पडली, मग मऊ झाली, मग नुसती फिकट सुरकुती उरली. बासष्ट सालच्या होळीला याडीनं टोपी काढली, सगळ्या तांड्याला गूळ वाटला आणि डाग द्या म्हणणाऱ्या एकेकाच्या दारात नातीला नेऊन उभं केलं. दोन्ही डोळे सारखे, टपोरे. आम्ही सगळे बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोघी खेळत होत्या. याडीनं हसत हसत झमकूच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. पोरीनं उजवा डोळा सताड उघडा ठेवून विचारलं, "याडी, तू कुठी गेली?"

याडी तिच्या समोरच बसली होती.

पुन्हा यवतमाळ. डॉक्टर तोच. त्यानं बॅटरी मारून पाहिलं, म्हणाला, डोळ्यात काही दोष नाही. पण बघणंही शिकावं लागतं, आणि ते शिकायचं वय लहानपणीच असतं. त्या वयात हा डोळा झाकलेला राहिला.

"पापनी तं मिटली नोती," याडी म्हणाली. "फट होती. टोपी नसती, तं तेवढ्यानं दिसलं असतं का तिले?"

डॉक्टरनं बॅटरी विझवून खाली ठेवली. मग म्हणाला, "हो. तेवढं पुरलं असतं."

एकच उपाय त्यानं सांगितला, तोही आशा न धरता. चांगला डोळा रोज काही वेळ बांधून ठेवा, म्हणजे दुसऱ्याला काम करावं लागेल. घरी आल्यावर धनीबाईनं पट्टीसाठी फडकं पुढे केलं. याडीनं फडक्याला हात लावला नाही. शेवटी पट्टी धनीबाईनंच बांधली.

झमकू रडली, तिनं पट्टी ओरबाडली, मग थकून हात पुढे करून अंगणात चालू लागली. "याडी, कुठी हायस? बोल ना." याडी दोन हातांच्या अंतरावर बसली होती. आवाज दिला तर पोर आवाजावर येईल, डोळ्यानं यावी, म्हणून तिनं तोंडात पदर कोंबला होता. उन्हात तिचा लाल घागरा लख्ख दिसत होता.

झमकू तिच्या समोरून गेली आणि चाचपडत पुढच्या कुडाशी जाऊन थांबली.