अण्णांचा स्वेटर

आमच्या मंडळात स्वेटर फार कमी पूर्ण होतात, किस्से मात्र रोज होतात. कुणाचा टाका गळला, कुणाची बाही गुडघ्यापर्यंत आली, कुणी रागाच्या भरात अख्खी पाठ उसवून टाकली. स्वेटर उसवता येतो, किस्सा उसवता येत नाही, म्हणून ते साठत गेले. परवा माझ्या जावेने विचारलं, "एवढी वर्षं बसता, विणलंत काय?" तेव्हा दाखवायला दोन टोपडी आणि एक मफलर निघाला. सांगायला मात्र बरंच निघालं.

मंडळ म्हणजे आम्ही चौघी. दुपारची जेवणं आवरली की भवानी पेठेत कुमुदताईंच्या घरी जमतो. कुमुदताईंचं घर, म्हणून चहा त्यांचा. दुसरी पद्मा, तेलुगू घरातली. तिच्या माहेरी आणि सासरी पिढ्यान् पिढ्या माग चालले, त्यामुळे तिचे हात तिच्या तोंडापेक्षा जोरात चालतात, आणि तोंड काही हळू नाही. तिसऱ्या रुखसानाभाभी. त्या विणतात कमी आणि आमच्या चुका काढतात जास्त. चौथी मी, शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेली. अण्णा, म्हणजे कुमुदताईंचे मिस्टर, मंडळात नाहीत, पण त्यांच्याशिवाय मंडळाचं पान हलत नाही.

आता सोलापुरात लोकर विणायची म्हणजे हौसेलाही काही मर्यादा असते. इथे थंडी येते ती घाईतल्या पाहुण्यासारखी, उंबऱ्यातूनच "बरंय, निघते" म्हणते. एप्रिलात लोकर घ्यायला गेले, तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "काय काकू, काश्मीरचं बुकिंग झालं वाटतं." पंखा फुल ठेवला तर गुंडा घरभर पळतो आणि बंद ठेवला तर आम्हाला घेरी येते. घामाच्या हातात सुई सरकत नाही. तरी विणतो. का, ते विचारू नका.

*

पहिलं दुखणं शब्दाचं. या गावात "मी विणकाम करते" असं म्हणायची सोय नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "किती माग आहेत?" चादरी-टॉवेलांच्या गावात विणकाम म्हणजे खडखडाट. दोन सुयांनी गुपचूप केलं तर त्याला टाइमपास म्हणतात.

एका निवडणुकीत एका उमेदवाराच्या कानावर गेलं की भवानी पेठेत महिलांचं विणकाम मंडळ आहे. झालं! गळ्यात उपरणं, मागे पंधरा-वीस पोरं, असा तो थेट कुमुदताईंच्या बैठकीत. आम्ही चौघी मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या. त्याने हात जोडून भाषणच सुरू केलं. म्हणाला, "विणकर भगिनींनो, तुमच्या वीजबिलाचा प्रश्न मी धसास लावणार!"

पद्माने सुई वर धरली. "साहेब, हिला बिल कुठं येतंय?"

पण गडी मुरलेला होता. एक क्षणही न अडखळता म्हणाला, "येऊ पण देणार नाही!"

निवडून आला. गटार तुंबलेलंच आहे, पण वचनाचा पक्का निघाला. आजपर्यंत एकाही सुईला बिल आलेलं नाही.

*

आता अण्णा. मूळचे केम गावचे, शेतकरी घरातले. तरुणपणी सोलापुरात आले आणि आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचं टॉवेलांचं छोटं युनिट आहे. माणूस कष्टाळू, मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. दुपारी उशिरा जेवायला आले की आमच्याकडे बघून पहिला प्रश्न, "पुरं झालं का?"

हा प्रश्न एका स्वेटरबद्दल असतो. विटकरी रंगाचा, अण्णांसाठीच घातलेला. त्याची लोकर घेतली मुलाच्या बारशाच्या वेळी. मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे, स्वेटर अजून काखेपर्यंतच आहे. एकतर कुमुदताईंना एक टाका वाकडा दिसला की त्या दहा ओळी उसवतात. दुसरं म्हणजे पाठ पुरी होईपर्यंत अण्णांचं पोट पुढे गेलेलं असतं, मग पुढा नव्या मापाने घालावा लागतो. नव्या पुढ्याला जुनी पाठ जुळत नाही. असा तो स्वेटर अण्णांच्या मागे मागे पळतोय.

कुमुदताई "माप घेऊ का?" म्हणाल्या की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "राहू दे." चहा घेता का, राहू दे. डॉक्टरकडे जायचं का, राहू दे. लग्नाचा वाढदिवस, राहू दे. या दोन शब्दांवर त्यांनी अख्खा संसार काढला. आणि वर ऐकवायचं, "माजा एक माग दुपारपतुर जेवढं विणतो, तेवढं तू जल्मात विणणार न्हाईस."

कुमुदताई ऐकून घेतात. पण एकदा आम्हाला म्हणाल्या, "मला बाकी काही नको गं. माझ्या हातचं एकदा त्यांच्या अंगावर बघायचंय. एकच दिवस." त्या हे इतकं साधं बोलल्या की पद्माने टोमणा मारायच्या ऐवजी त्यांचा सुटलेला गुंडा गुंडाळून दिला.

*

विणल्याने मन शांत राहतं, असं हल्ली सगळीकडे सांगतात. माझ्या डॉक्टरांनी पण सांगितलं. बीपी आहे, विणकाम करा, मस्त रिलॅक्स व्हाल. मी म्हटलं, करतेच आहे. ते म्हणाले, मग वाढवा.

वाढवलं. जाळीची नक्षी घेतली यूट्यूबवरून. त्यातली बाई गोड हसत "अब बहुत आसान है" म्हणाली आणि नेमकी तिथेच जाहिरात आली. जाहिरात संपेपर्यंत माझा एक टाका गळून खाली खाली उतरत गेला. तशीच चपला घालून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मशीन लावलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत बसले.

"काय हो, काही टेन्शन झालंय का घरात?"

मी म्हटलं, "नाही, विणकाम वाढवलंय. टाका सापडेपर्यंत गोळी पण वाढवा."

*

फुकट स्वेटर मागणारे ही वेगळीच जमात. माझी नणंद दर दिवाळीला म्हणते, "वहिनी, तुला काय, वेळच वेळ! माझ्या नातीला एक करून दे ना." लोकर आणत नाही, माप देत नाही. एका वर्षी केला बाई, मान मोडून केला. तो हातात घेऊन, उलटा-पालटा करून म्हणाली, "छान आहे. मॉलमध्ये असेच मिळतात, त्यांना खिसा असतो."

पुढच्या दिवाळीला ती तोंड उघडायच्या आत मी तिच्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला. म्हटलं, बस, शिकवते, खिशासकट. तिला एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. त्यानंतर फोनवरच भेटते. नातेवाईक कमी करायचे असतील, तर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

*

पद्माचं दुःख याहून मोठं. तिचा मुलगा बंगळुरूला. नातू झाला तेव्हा तिने टोपडं, मोजे आणि पिवळा स्वेटर असा सेट पाठवला. सूनबाईंनी "सो क्यूट अत्तम्मा!" असा मेसेज केला, पण बाळाच्या अंगावर तो सेट कुणी पाहिला नाही. व्हिडिओ कॉलवर बाळ नेहमी कंपनीच्या कपड्यात.

मग एकदा कॉल चालू असताना मागून त्यांचं कुत्रं गेलं. पिवळा स्वेटर घालून!

आम्ही चौघींनी पाहिलं. पद्माने फोन ठेवला, दोन ओळी विणल्या आणि मला म्हणाली, "अक्का, बघितलं का? बाह्या काय बरोबर बसल्यात!" पुढच्या हिवाळ्यात सुनेने विचारलं, "अत्तम्मा, यंदा काय करताय?" पद्मा म्हणाली, "कुत्र्याचं माप पाठव. घालतंय तरी बिचारं."

*

टाके मोजत असलेल्या बाईशी बोलू नये, हा आमच्या मंडळाचा एकमेव नियम. अण्णांना तो माहीत नव्हता.

कुमुदताई पाठीचे टाके मोजत होत्या, मोठ्याने, कारण मनात मोजलं की रुखसानाभाभी मध्येच काहीतरी बोलतात. इतक्यात युनिटवरून अण्णांचा फोन आला. मी उचलून कुमुदताईंच्या कानाला लावला. अण्णा विचारत होते, माळ्यावर नमुन्याचे टॉवेल किती आहेत. कुमुदताई म्हणाल्या, "एकशे बारा, एकशे तेरा."

"येकशे तेरा? ब्येस!" म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

तिकडे युनिटवर त्यांच्यासमोर बाहेरगावचा व्यापारी बसला होता. त्याला अण्णांनी छातीठोकपणे सांगितलं, माल घरी तयार आहे, आत्ताच न्या. व्यापारी टेम्पो घेऊन भवानी पेठेत हजर. माळ्यावर निघाले नऊ टॉवेल आणि एक मोडका कुकर. व्यापारी सभ्य माणूस. नऊ टॉवेल नीट घडी करून ठेवत म्हणाला, "बाकीचे कुठं वाळत घातलेत का?"

त्याला वाटेला लावला आणि अण्णांचा पारा चढला. आमच्यादेखत म्हणाले, एका स्वेटरपायी बाजारात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, आणि तो स्वेटर तरी कुठे आहे? कुमुदताईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुया खाली ठेवल्या. "केला, तर तुम्ही घालणार आहात का?"

अण्णा तावात होते. "तू पुरा करून दाव. ज्या दिशी पुरा व्हईल त्या दिशी घालतो. दिसभर अंगावरनं काडायचा न्हाय. मंग वैशाख असू दे न्हायतर काय बी असू दे. ह्या तिगी साक्षीला हायत."

"जबान दिए ना अण्णा?" रुखसानाभाभी शांतपणे म्हणाल्या. "हम सुन लिए."

*

त्या दिवसापासून कुमुदताई बदलल्या. चहा कमी झाला, गप्पा कमी झाल्या. वाकडा टाका दिसला की हात उसवायला जायचा, पण पद्मा शेजारीच बसायची आणि हातावर चापट द्यायची. पोटाचं माप आम्ही अण्णांच्या शर्टावरून चोरून घेतलं. होळी गेली, पाडवा गेला. डावी बाही उजवीपेक्षा चांगली लांब झाली तेव्हा कुमुदताई रडकुंडीला आल्या. पद्माने स्वेटर ओढून घेतला आणि तशीच बाही शिवून टाकली.

गळ्याचा शेवटचा टाका पडला तो नेमका अण्णांच्या पुतण्याच्या लग्नादिवशी, केमला जाणाऱ्या गाडीत. महिना वैशाखाचा. आम्हालाही आमंत्रण होतं. खरं सांगते, लग्नात आम्हाला काडीचा रस नव्हता. अण्णा शब्द कसा फिरवतात, तेवढं बघायला आम्ही गेलो होतो.

पत्र्याचा मांडव, वरून ऊन, खाली माणसं. अण्णा पांढऱ्याशुभ्र शर्टात, फेटा बांधून, पाहुण्यांना या-बसा करत होते. कुमुदताईंनी गर्दीतून जाऊन त्यांच्या हातात पिशवी दिली. अण्णांनी आत बघितलं.

"पुरं झालं?"

"झालं."

मी पद्माचा हात धरला. आता ते राहू दे म्हणणार आणि पिशवी कुठेतरी कोपऱ्यात जाणार, याची आम्हाला खात्री होती. अण्णांनी इकडे-तिकडे बघितलं, फेटा उतरवून भावाच्या हातात दिला, स्वेटर डोक्यातून घातला आणि फेटा परत मागून घेतला.

मग काय विचारता! थोरल्या भावाने कपाळाला हात लावून बघितला. मुलीकडच्यांनी हिवताप समजून लिंबू-पाणी आणि गोळी पाठवली. फोटोवाला तर हात जोडून म्हणाला, "काका, तेवढा स्वेटर काढा, फोटो खराब व्हायलाय." अण्णांनी फोटोच सोडला. पोरं मागे मागे फिरायला लागली. अक्षता पडेपर्यंत फेट्यातून घामाची धार लागली होती आणि चेहरा स्वेटरच्याच रंगाचा झाला होता. आम्ही तिघी आधी खूप हसलो. मग हळूहळू हसू बंद झालं.

पंगत बसली. वांग्याची भाजी, भात, बुंदी. अण्णांची लांब झालेली डावी बाही सारखी पत्रावळीकडे जात होती. समोरच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. कुमुदताई बायकांच्या पंगतीतून उठल्या, अण्णांच्या शेजारी जाऊन वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "काढा आता. घातलात, झालं. डावी बाही लांब झालीय, उसवून नीट करून देते."

अण्णांनी बाही दोनदा दुमडली, पत्रावळ पुढे ओढली आणि भात कालवत म्हणाले,

"राहू दे."