चाचांचा वजीर मी मारला तेव्हा

वसमतच्या बाजारात कापडाचं दुकान असलेल्या चाचांशी मी दहा वर्षं बुद्धिबळ खेळलो आणि दर वेळी हरलो. अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य गेल्यावर, एका दुपारी त्यांनी आपला वजीर सरळ माझ्या घोड्याच्या तोंडी दिला. अशी चूक त्यांच्याकडून कधीच झाली नव्हती.

“चाचा, चाल परत घ्या,” मी म्हणालो.

“न्हाई. खेळलो ते खेळलो.”

मी वजीर मारला, डाव जिंकला आणि बाजारभर सांगत सुटलो. त्यांना कसली काळजी आहे, हे विचारायचं सुचलंच नाही.

चौथ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, “आसपास मुसलमानांवर हल्ले व्हायलेत, म्हणून लेकरं घेऊन हैदराबादेला गेले. तुमाला बोलले न्हाईत?”

मी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.