पिस्तुलाच्या समोरचा माणूस

श्रावणभाऊ भर रस्त्यात मरत. सकाळची वेळ, अमरावतीचा भाजीबाजार गजबजलेला, आणि श्रावणभाऊ डोक्यावर झेंडूची टोपली घेऊन चाललेले. एखादा टांगेवाला बसल्या जागेवरून दोन बोटं रोखायचा आणि ओरडायचा, ‘ठो!’ श्रावणभाऊ आधी टोपली नीट खाली ठेवत. मग छातीवर हात दाबून अर्धी गिरकी घेत, गुडघ्यावर येत, आणि खांदा टेकवून सपशेल आडवे होत. बाजार हसायचा. श्रावणभाऊ उठून धोतर झटकायचे, टोपली उचलायचे आणि पुढे चालायला लागायचे.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा किंचाळले होते. पुण्याहून नुकतीच इथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते, आणि त्यांच्याच घराची माडी मी भाड्याने घेतली होती. ‘घाबरू नोका, बाई,’ जमिनीवरूनच ते मला म्हणाले, ‘हा आपला धंदा हाय.’ एक गोष्ट मात्र लवकरच माझ्या ध्यानात आली. त्यांची आई, चंद्रभागाबाई, अंबादेवीच्या देवळाबाहेर फुलं विकायची. ती बसायची तिथून वळणापर्यंतच्या टप्प्यात कुणी कितीही बोटं रोखली तरी श्रावणभाऊ मरत नसत. तेवढ्यापुरते त्यांना ऐकूच यायचं नाही.

ते दिवस पिस्तुलवाल्या सिनेमांचे होते. रुंद काठाची टोपी, गळ्यात रुमाल, कमरेला दोन पिस्तुलं आणि ढांगेखाली पांढरा घोडा असा नायक असे. गोष्ट कुठल्या मुलखात घडते ते देवाला ठाऊक. डोंगर खंडाळ्याचा, टोपी साहेबाची, नायिकेच्या अंगावर नऊवारी आणि खलनायकाच्या वाड्यावर पोर्तुगीज पाटी. या सगळ्या नायकांचा राजा मास्टर दिलेर. तो पिस्तुलात गोळ्या भरताना कधी कुणाला दिसला नाही, पण त्याच्या पिस्तुलातल्या गोळ्या कधी संपल्याही नाहीत. एका दमात तो दहा माणसं लोळवायचा. त्या दहांतले एक आमचे श्रावणभाऊ.

अर्थात मुंबईहून परतल्यावर त्यांनी गावात असं सांगितलं नव्हतं. ‘दिलेरचा उजवा हात होतो मी,’ असं सांगितलं होतं. मे महिन्यात, जेव्हा अमरावतीचे कावळेही सावली सोडत नाहीत, तेव्हा ते चामडी बूट आणि दिलेरसारखी टोपी घालून हिंडत. त्यांच्या दुर्दैवाने लवकरच त्यांचाच एक सिनेमा गावात लागला. आपला माणूस पाहायला अख्खा भाजीबाजार लोटला. श्रावणभाऊ पडद्यावर घोड्यावरून आले, काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि दिलेरने गोळी घातली. लोक चुकचुकले. थोड्या वेळाने तेच श्रावणभाऊ मिशा लावून परत आले आणि परत मेले. तिसऱ्यांदा दाढी लावून आले तेव्हा खालच्या वर्गातून कुणीतरी ओरडलं, ‘अबे, कायले आला? आता मरशीन ना!’ गावाने त्या दिवशी त्यांचं नाव ‘मुडदा’ ठेवलं. वकिलांपासून हमालांपर्यंत सगळे, आईच्या माघारी, त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले.

एखादा लाजेने गाव सोडून गेला असता. श्रावणभाऊंनी उलट व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. ओसरीवर बसून ते मला समजावत, ‘बाई, मारनारा काय करते? नुसतं बोट दाबते. म्होरला पडला नाई, तं त्या बोटाले कोन इचारते?’ बोलण्याच्या भरात ते मरणाचे प्रकार करून दाखवत. पोटात गोळी, पाठीत गोळी, घोड्यावरून, जिन्यावरून. मी वह्या तपासत असे आणि ते पायरीवरून गडगडत खाली जात.

गंमत एवढीच नव्हती. घोड्यावरून पडण्याच्याच एका प्रकारात त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून ते डावा पाय ओढत चालत. कंपनीने त्यांना घरी पाठवलं, आणि निरोप देताना दिलेर स्वतः म्हणाला होता, ‘ठीक हो जा. फिर बुलाएँगे. इस बार बोलने का काम देंगे.’ या एका वाक्यावर श्रावणभाऊ कित्येक वर्षं बसून होते. त्यांची म्हातारी पहाटे उठून फुलं तोडायची, हार ओवायची, दिवसभर उन्हात विकायची. चिरंजीव टोपली पोचवून द्यायचे आणि आरशासमोर उभे राहून बोलण्याच्या कामाची तालीम करायचे. दुकानावर बसा म्हटलं की म्हणायचे, ‘मी इतं तात्पुरता हाय ना, बाई.’ मला त्यांचा राग यायचा. पण त्यांच्यावर रागावून बसणं कठीण होतं, कारण रागावलेलं माणूस दिसलं की ते मरून दाखवत.

आणि एके दिवशी मास्टर दिलेर खरोखरच अमरावतीला आला. नव्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी तो गावोगाव फिरत होता. गावाला काय झालं ते सांगून खरं वाटणार नाही. स्वागत समिती निघाली. सकाळी खादी घालून स्वदेशीवर बोलणारे आणि संध्याकाळी जिल्हा कचेरीत साहेबाला वाकून सलाम करणारे, असे दोन्ही पक्ष या एका समितीत गुण्यागोविंदाने नांदले. भांडण फक्त हार कुणी घालायचा यावर झालं. दुपारच्या खेळाच्या मध्यंतरात दिलेर रंगमंचावर पिस्तुलाची करामत दाखवणार होता. पिस्तुलात नुसती दारू आहे, गोळी नाही, याची खात्री करायला सरकारने एक जमादार पाठवला. त्याने नळीला डोळा लावून आत पाहिलं आणि ‘ठीक हाय’ म्हणाला.

श्रावणभाऊ इस्त्रीचा सदरा घालून, दिलेर उतरला होता त्या डाक बंगल्यावर गेले आणि तासाभराने परत आले.

‘ओळखलं का त्यांनी?’ मी विचारलं.

‘म्हंजे काय! लांबूनच आवाज देल्ला त्यानं, अरे, लाश आ गई!’ ते हसले. मग बराच वेळ सदऱ्याची बाही नीट करत बसले. ‘उद्या स्टेजवर मले उभं करनार हाय. तो गोळी मारनार, मी पडनार. बरं जमलं तं संग मुंबईले नेतो म्हने.’

‘बोलण्याचं काम?’

‘नाई,’ ते म्हणाले. ‘तेच.’

चंद्रभागाबाईंना बातमी बाजारात लागली. लेक दिलेरबरोबर स्टेजवर उभा राहणार! त्या जन्मात सिनेमाला गेल्या नव्हत्या. ‘दिवे मालवून परक्या मानसायत काय बसाचं?’ असं त्यांचं मत होतं. पण त्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि ठेवणीतलं लुगडं नेसल्या. श्रावणभाऊंनी परोपरीने सांगून पाहिलं, गर्दी असते, घुसमटते, तुले चक्कर येईन. म्हातारी ऐकेना. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘बाई, मध्यंतर झालं का तिले पानी प्यायले बाहेर घेऊन जासान.’ मी हो म्हटलं.

पण मध्यंतर झालं तेव्हा बायकांच्या गॅलरीत मुंगीलाही वाट नव्हती. चंद्रभागाबाई कठड्याला घट्ट धरून उभ्या होत्या. खाली दिव्यांच्या झगमगाटात मास्टर दिलेर आला. पडद्यावर दिसायचा त्याच्यापेक्षा बराच बुटका होता, आणि कमरपट्टा पोटाखालून बांधलेला होता. त्याने दोन्ही पिस्तुलं बोटांवर फिरवली. एक हातातून निसटलं, ते त्याच्या नोकराने धावत उचलून दिलं. समितीने टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या बाजूने श्रावणभाऊ आले, काळा अंगरखा, गालावर काजळाचा व्रण. ‘मुडदा! मुडदा!’ खालचा वर्ग ओरडला.

‘मेरे मुल्क में गद्दारों की एक ही सज़ा है!’ दिलेर गरजला आणि त्याने चाप ओढला.

आवाज मोठा झाला. श्रावणभाऊंचा हात छातीवर गेला, गिरकी सुरू झाली, एक गुडघा वाकलासुद्धा. आणि माझ्या कानाशी चंद्रभागाबाईंनी हंबरडा फोडला, ‘मेलं वं माय, माह्यं पोरगं! अरे, मारलं त्यानं माह्या श्रावनले!’

सगळं थेटर वर बघायला लागलं. श्रावणभाऊ तसेच थांबले, अर्धे वाकलेले. मग त्यांनी गुडघा सरळ केला आणि उभे राहिले.

दिलेरला वाटलं, पहिला बार फुकट गेला. त्याने पुन्हा चाप ओढला. श्रावणभाऊ उभेच. पुन्हा एक बार झाला, त्यामागे आणखी एक. दिलेर दात खाऊन पुटपुटला, पण पहिल्या रांगांना ते स्वच्छ ऐकू गेलं, ‘गिर, साले! गिर ना!’ श्रावणभाऊ धुरातून वर पाहत होते.

‘नाई लागली, माय,’ ते म्हणाले. ‘काईच झालं नाई मले. तू बस खाली.’

मुंबईने त्यांना बोलण्याचं काम कधी दिलं नाही. अमरावतीत त्यांनी ते असं करून घेतलं. थेटर असं हसलं की मध्यंतर संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. दिलेरने दुसरं पिस्तूल काढलं, तेही रिकामं केलं, आणि शेवटी लोक कुणाला हसतायत हे लक्षात येताच पडद्यामागे निघून गेला. ज्यांनी सकाळी त्याला हार घालण्यासाठी एकमेकांची गचांडी धरली होती, ते सगळ्यांत मोठ्याने हसत होते. दिलेरने संध्याकाळच्या मेजवानीची वाट पाहिली नाही. बडनेरा स्टेशनावर जाऊन मिळेल ती गाडी धरली. थेटरच्या मॅनेजरने श्रावणभाऊंना पुन्हा आत पाऊल टाकू दिलं नाही.

परतताना आम्ही तिघं टांग्यात होतो.

‘तू तिथं हेच करत होता काय रे?’ म्हातारीने विचारलं.

‘हो.’

‘रोज मरे?’

‘रोज नाई, माय. शूटिंग असलं का.’

‘अन् मले सांगे, मी नट हावो म्हनून!’

‘मराले बी नटच लागते ना.’

चंद्रभागाबाईंनी त्यांच्या थोबाडीत मारली. चांगली सणसणीत मारली, टांगेवाल्याने वळून पाहिलं. मग लेकाच्या गालावरचं काजळ पदराने पुसायला घेतलं, ते निघेना, तरी घरापर्यंत पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावणभाऊ दुकानावर बसू लागले. कुणी बोटं रोखली तर विचारायचे, ‘हार पायजे का सुटी फुलं?’ ‘मुडदा’ म्हणणारे हळूहळू थांबले. काही वकील पुढे सांगू लागले की, श्रावणमधला स्वाभिमान आम्ही आधीपासून ओळखला होता.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली आणि अमरावती सुटली. आमची शेवटची भेट अकोल्यातच झाली. एका लग्नाची फुलं पोचवायला ते आले होते, शाळेच्या फाटकाशी मला शोधत उभे होते. केस पांढरे, पाय आणखी ओढत. चंद्रभागाबाई गेल्याचं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, ‘दिलेरचा नवा सिनेमा पायला काय, बाई?’

मी नाही म्हटलं. एव्हाना टोप्या घातलेले नवे नायक आले होते. म्हातारा दिलेर आता त्यांच्या हातून मरायची कामं करत होता, एवढं माझ्या कानावर होतं. मला वाटलं, श्रावणभाऊ खूश असतील. चार टोमणे ऐकायच्या तयारीने मी उभी राहिले.

‘पायवत नाई,’ ते म्हणाले. ‘बाई, त्याले पडता येत नाई! दोनी हात वर करते अन् झाडासारखा कोसळते. या वयात हाड मोडून घेईन तो. म्हनून मी गेलतो मुंबईले.’

‘कुणाकडे? दिलेरकडे?’

‘मंग! आठ दिवस राह्यलो. त्याच्या खोलीतच गादी टाकली अन् पाडला त्याले सकाळ-संध्याकाळ.’

‘आलं का मग त्यांना पडता?’

‘आलं,’ श्रावणभाऊ म्हणाले. ‘उठता नाई आलं. मी धरून उठवलं.’